गांजाचे एक झाड अन् सातबाऱ्यावरचे नाव : घरची लागवड, कायदा आणि राजकारण, वाचा सविस्तर

बेसा (नागपूर) : "गांजा कायदेशीर झाला", "हिमाचलने परवानगी दिली, आता महाराष्ट्राचा नंबर", "घरी चार झाडे लावता येतात, नवीन नियम आला" असे मेसेज मोबाईलवर अधूनमधून येतच असतात. सोबत एखाद्या हिरव्यागार शेताचा फोटो, अन् खाली एकरी उत्पन्नाचा लाखांचा हिशोब. कापसाचा भाव पडला की हे मेसेज जास्त फिरतात, हे आपण सगळेच पाहतो. पानटपरीवर त्यावर चर्चा होते. कोणी म्हणते सरकारच विकणार आहे, कोणी म्हणते फक्त कंपन्यांना देणार.

म्हणून आधी सरळ उत्तर. आजच्या तारखेला महाराष्ट्रात शेतात, वावराच्या धुऱ्यावर, परसात, गच्चीवर किंवा कुंडीत गांजाचे एकही झाड लावता येत नाही. घरी चार झाडांचा नियम आहे, पण तो कॅनडाचा आहे. हिमाचलची बातमी खरी आहे, पण ती नशेच्या गांजाची नाही. बाकीचे समजून घ्यायला थोडे मागे जावे लागते.

एकाच झाडाचे तीन माल

भांग, गांजा अन् चरस ही तीन वेगळी झाडे आहेत असे अनेकांना वाटते. झाड एकच. मादी झाडाच्या शेंड्याला जो फुलोरा येतो तो गांजा. त्याच झाडाचा चीक म्हणजे राळ काढून गोळा केला की चरस. नुसती पाने वाटली की भांग. खोडाच्या सालीपासून वाख निघतो अन् बियांपासून तेल. नशा आणणाऱ्या रसायनाला टीएचसी म्हणतात. ते फुलोऱ्यात जास्त, पानात कमी अन् बियांत नसल्यासारखेच असते.

ही वाटणी कायद्यातही आहे. १९८५ चा एनडीपीएस कायदा १४ नोव्हेंबर १९८५ पासून लागू झाला. त्यात गांजाची व्याख्या फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे अशी आहे. शेंडे सोबत नसतील तर पाने अन् बिया त्या व्याख्येत येत नाहीत. त्यामुळेच देशात भांग अनेक ठिकाणी उघड विकली जाते. ऑगस्ट २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका जामीन प्रकरणात हाच मुद्दा धरला होता, की जप्त केलेल्या पाल्यात शेंडे किती अन् पाने-बिया किती हे पाहावे लागते.

पण लागवडीच्या बाबतीत ही सूट कामाची नाही. कायद्याचे कलम ८ "गांजाचे झाड" लावण्यालाच मनाई करते. पानासाठी लावले, भाजीसाठी लावले, गाईला देण्यासाठी लावले असे सांगून भागत नाही.

इथे आपल्या भागातली एक गोष्ट सांगून ठेवतो. अंबाडी. एका जातीच्या अंबाडीचे शास्त्रीय नावच हिबिस्कस कॅनाबिनस आहे, कारण तिचे पान गांजाच्या (कॅनाबिस) पानासारखे दिसते. तेव्हा कोणाच्या वावरातल्या पंजासारख्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकून "हे पाहा काय लावलं" असे लिहिण्याआधी पान चोळून तोंडात टाका. आंबट लागले तर घरी न्या अन् भाकरीसोबत खा.

एक झाड असो की हजार

गांजा जवळ सापडला तर शिक्षा वजनावर ठरते. १ किलोपर्यंत "अल्प मात्रा", म्हणजे १ वर्षापर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. १ किलोच्या वर अन् २० किलोच्या आत १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी अन् १ लाखापर्यंत दंड. २० किलो ही व्यापारी मात्रा, तिथून पुढे किमान १० अन् जास्तीत जास्त २० वर्षे, दंड १ ते २ लाख. चरसासाठी हेच आकडे १०० ग्रॅम अन् १ किलो आहेत.

झाडासाठी मात्र अशी पायरी नाही. कलम २० (क) मध्ये गांजाचे "कोणतेही झाड" लावणाऱ्याला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी अन् १ लाखापर्यंत दंड लिहिला आहे. कुंडीतले एक झाड अन् दोन एकरांतली झाडे एकाच ओळीत बसतात. किती शिक्षा द्यायची हे न्यायाधीश पाहतात, पण गुन्हा तोच.

त्यात आणखी एक भानगड होते. उपटलेली झाडे ओली, मुळासकट, मातीसकट काट्यावर चढतात. पुरुषभर उंचीची ओली झाडे असली तर थोड्याच झाडांत २० किलोचा आकडा ओलांडू शकतो. मग लागवडीसोबत व्यापारी मात्रेचे कलम लागते. व्यापारी मात्रा लागली की कलम ३७ मुळे जामीन फार अवघड होतो अन् दोषारोपपत्र दाखल करायला पोलिसांना १८० दिवस मिळतात. नंतर न्यायालयात मुळे, खोड, पाने वगळून वजन मोजायला हवे होते असा वाद वकील घालतात अन् काही वेळा तो मान्यही होतो. तोवर माणूस जेलात असतो अन् वावर पडीक.

नुसते ओढल्याबद्दल कलम २७ आहे. गांजासाठी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचाराला तयार झाला तर कलम ६४ (क) खाली त्याला खटल्यातून सूट मिळू शकते. ही तरतूद गावात फार कमी लोकांना माहीत आहे. घरचे लोक पोलिसांच्या भीतीने पोराचे व्यसन लपवतात, त्यांनी हे कलम वकिलाकडून समजून घ्यावे.

ठेक्याने वावर दिले असेल तर

बेसा, पिपळा, घोगली, वेळा, शंकरपूर या पट्ट्यात आता शेतकऱ्यांचे दोन प्रकार झाले. काहींची जमीन लेआऊटमध्ये गेली अन् काहींची राहिली. राहिली त्यातलीही अर्धीअधिक ठेक्याने किंवा बटईने दिलेली. मालक शहरात नोकरीवर, पोरगा पुण्याला, अन् वावर दुसराच कसतो. लेआऊटमधल्या रिकाम्या प्लॉटवर तर गाजरगवतात काय उगवले हे पाहायलाही कोणी जात नाही.

अशा मालकांसाठी कलम ४६ महत्त्वाचे आहे. आपल्या जमिनीत गांजाची बेकायदा लागवड झाल्याचे माहीत असून जो जमीनधारक ताबडतोब कळवत नाही तो शिक्षेस पात्र ठरतो. "माहीत असून" हे शब्द महत्त्वाचे आहेत. मालकाला खरेच ठाऊक नसेल तर हे कलम लागत नाही. पण ठाऊक नव्हते हे पोलीस स्टेशनात सांगणे अन् न्यायालयात टिकणे यात फार अंतर असते. या कायद्याचे कलम ३५ आरोपीची जाणीव होती असे गृहीत धरूनच चालते, ती नव्हती हे आरोपीने दाखवायचे असते. जागा वापरू दिल्याचे कलम २५ वेगळे.

म्हणून ठेका तोंडी ठेवू नये. साध्या कागदावर का होईना, कोणाला किती आराजी कोणत्या हंगामासाठी दिली, कोणते पीक घ्यायचे ठरले, हे लिहून दोघांच्या सह्या अन् दोन साक्षीदार घ्यावे. नोटरी केली तर उत्तम. अन् हंगामात दोन-तीन चकरा माराव्या. तुरीच्या, उसाच्या, हळदीच्या, उंच कपाशीच्या मधल्या ओळीत ही झाडे लावल्याच्या कारवाया महाराष्ट्रात दरवर्षी होतात. धुळे जिल्ह्यातला शिरपूर तालुका तर वनजमिनीवरच्या गांजाच्या शेतीवरील कारवायांसाठी कायम बातम्यांत असतो. धुऱ्यावरून वावर पाहून काही कळत नाही, आत शिरावे लागते.

सरपंच अन् पंचांनी कलम ४७ वाचून घ्यावे. सरकारी अधिकारी, पंच, सरपंच अन् गावचा कोणताही अंमलदार, यांच्या कानावर अशी लागवड आली अन् त्यांनी कळवले नाही तर तेही शिक्षेस पात्र आहेत. गावात भांडण नको म्हणून गप्प बसणे इथे महागात पडू शकते. बेसा-पिपळा आता नगरपंचायत आहे, पण आजूबाजूच्या ग्रामपंचायतींना हे तंतोतंत लागू आहे. ग्रामसभेत हे कलम वाचून दाखवल्याचे मी आजवर पाहिले नाही.

भांग चालते ना?

महाशिवरात्र अन् होळी आली की हा प्रश्न हमखास येतो. एनडीपीएसमध्ये पानांना सूट असली तरी महाराष्ट्रात दुसरा कायदा आहे, १९४९ चा दारूबंदी कायदा. त्यात मादक द्रव्याच्या व्याख्येत भांग येते. परवान्याशिवाय ती बनवणे, जवळ ठेवणे, विकणे अन् पिणे गुन्हा आहे. गुजरातमध्येही मूळ हाच कायदा होता, पण त्यांनी २०१७ मध्ये भांग त्यातून काढून टाकली. महाराष्ट्राने काढली नाही.

शेजारच्या मध्य प्रदेशात भांगेची परवानाधारक दुकाने आहेत. आपल्याकडून पचमढीच्या महादेव यात्रेला हजारो लोक जातात. तिकडे दुकानात पावती देऊन मिळालेली पुडी सौंसर ओलांडून सावनेरकडे आली की तिचे कायदेशीरपण संपते. प्रसाद आहे म्हणून सांगितले तरी कायद्यात प्रसादासाठी वेगळी ओळ नाही.

इंग्रजांच्या काळात काय होते

आज बंदी आहे म्हणून नेहमीच बंदी होती असे नाही. इंग्रजांच्या काळात गांजा सरकारी ठेक्यावर विकला जायचा. नागपूर ज्याची राजधानी होती त्या मध्य प्रांतात निमाडकडे, खंडव्याच्या भागात परवान्याने लागवड व्हायची. मुंबई इलाख्यात अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्हा या पिकासाठी ओळखला जायचा. शेतकरी माल सरकारी देखरेखीत गोदामात टाकायचा, कर भरला जायचा, मग ठेकेदार विकायचा.

१८९३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटमध्ये प्रश्न आला की हिंदुस्थानात गांजामुळे लोक वेडे होतात काय. त्यावर मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. त्याने देशभर फिरून १,१९३ साक्षी घेतल्या अन् १८९४ मध्ये अहवाल दिला. माफक वापराने फारसे नुकसान दिसत नाही, अतिवापर वाईट, पूर्ण बंदी न करता कर अन् परवान्याने आवर घालावा, असा त्याचा सूर होता. दोन हिंदी सदस्यांनी त्यावर आपले वेगळे मत नोंदवले. गांजाच्या बाजूने बोलणारे लोक आजही हा अहवाल पुढे करतात. पण सरकारला त्यातून महसूल मिळत होता हेही विसरू नये. तपासणाराच दुकानदार असला की निष्कर्ष थोडा जपून वाचावा.

पुढे १९६१ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा अमली पदार्थांवरचा करार झाला. गांजाचा नशेसाठीचा वापर २५ वर्षांत बंद करावा असे त्यात ठरले. भांगेच्या पानांना भारताने त्यातून बाहेर ठेवून घेतले. मुदत संपत आली तेव्हा, १९८५ मध्ये, राजीव गांधी सरकारच्या काळात एनडीपीएस कायदा संसदेत मंजूर झाला. आजचे सगळे गुन्हे त्याच कायद्याखाली दाखल होतात. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला सर्वात कडक यादीतून काढण्यावर मतदान झाले. २७ विरुद्ध २५ मतांनी तो ठराव मंजूर झाला अन् भारताने बाजूने मत दिले. देशातल्या कायद्यात मात्र त्याने काही बदलले नाही.

खुर्ची बदलली की मत बदलते

गांजाच्या राजकारणात पक्षांची भूमिका पाहिली तर गंमत वाटते. उत्तराखंडने २०१८ मध्ये औद्योगिक भांगेच्या लागवडीला परवाना दिला, देशात पहिल्यांदा. तिथे सरकार भाजपचे. २०१९ मध्ये मध्य प्रदेशात कमलनाथ यांच्या काँग्रेस सरकारने तशीच घोषणा केली, तर भाजपने टीकेची झोड उठवली. २०२० च्या शेवटी गोव्यात औषधी गांजाच्या लागवडीचा प्रस्ताव कायदा खात्याने तपासून पुढे सरकवल्याची बातमी फुटली. तिथे सरकार भाजपचे अन् विरोध काँग्रेसचा. आरडाओरड झाली अन् तो प्रस्ताव थंड्या बस्त्यात गेला. हिमाचलमध्ये सुक्खू यांच्या काँग्रेस सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंत्री जगतसिंह नेगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, सप्टेंबर २०२४ मध्ये विधानसभेने अहवाल मान्य केला अन् जानेवारी २०२५ मध्ये पालमपूर अन् नौणी या दोन विद्यापीठांमार्फत पथदर्शी लागवडीचा निर्णय झाला. म्हणजे सत्तेत असले की महसूल दिसतो अन् विरोधात असले की पिढी बरबाद होताना दिसते.

संसदेत थेट बोलणारे थोडे आहेत. ओडिशाचे तथागत सत्पथी यांनी खासदार असताना गांजाबंदीला उघड विरोध केला. पंजाबात पतियाळाचे खासदार डॉ. धरमवीर गांधी यांनी एनडीपीएस बदलण्यासाठी २०१६ मध्ये खासगी विधेयक आणले. मनेका गांधी यांनी केंद्रात मंत्री असताना २०१७ मध्ये औषधी वापराची बाजू मांडली. पण खासगी विधेयक संसदेत मंजूर झाल्याला १९७० नंतर योगच आला नाही. दिल्ली उच्च न्यायालयात २०१९ मध्ये बंदीविरुद्ध याचिका गेली. कायदा आहे तसाच आहे.

महाराष्ट्राचा विचार केला तर २०२१ मध्ये मुंबईच्या क्रूझ प्रकरणाने महिनाभर टीव्ही भरून गेला. कोण कोणाला अडकवतो यावर भांडण झाले, कायदा बरोबर की चूक यावर फारसे कोणी बोलले नाही. अपवाद केंद्रीय राज्यमंत्री रामदास आठवले यांचा. सेवन करणाऱ्याला जेलात न टाकता व्यसनमुक्तीला पाठवावे, अशी त्यांनी त्या वेळी बाजू मांडली. त्याच वर्षी संसदेत एनडीपीएस दुरुस्ती आली, पण ती कलम २७ (क) मधली जुनी चूक नीट करण्यापुरतीच होती.

राज्याचा कल उलट दिशेला आहे. जुलै २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात अमली पदार्थांचे गुन्हे मकोकाखाली आणणारी दुरुस्ती मंजूर झाली. नागपुरात शहर पोलिसांची 'ऑपरेशन थंडर' मोहीम चालते. आपले शहर ओडिशा-आंध्राकडून येणाऱ्या रेल्वे अन् महामार्गाच्या वाटेवर बसले आहे, त्यामुळे रेल्वे स्टेशनवर बेवारस बॅगेत गांजा सापडल्याची बातमी आमच्या पोर्टललाही नवीन नाही.

अन् आपल्या विदर्भाचा स्वभावही लक्षात घ्यावा लागेल. गाडगेबाबा अन् तुकडोजी महाराजांनी व्यसनाविरुद्ध गावोगाव फिरून लोकांना जागे केले, ती ही भूमी. वर्धा १९७५ पासून, गडचिरोली १९९३ पासून दारूबंदीत आहे. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ ला बंदी लागली अन् मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने ती उठवली. त्यावेळी विजय वडेट्टीवार बंदी उठवण्याच्या बाजूने अन् डॉ. अभय बंग विरोधात, असा सामना साऱ्यांनी पाहिला. एक बाजू म्हणत होती बंदीने चोरटी दारू अन् गुन्हेगारी वाढली, दुसरी म्हणत होती बायाबापड्यांचे घर वाचले. उद्या गांजाचा विषय विधानसभेत आला तर हेच दोन मुद्दे, हेच शब्द परत ऐकू येतील.

सोलापूरचा अर्ज

शेतकऱ्याकडून हा विषय एकदाच जोरात पुढे आला. ऑगस्ट २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे दोन एकरांत गांजा लावण्याची परवानगी मागितली. कोणत्याही पिकाला भाव नाही, शेती तोट्यात आहे, गांजाला भाव आहे, तेव्हा परवानगी द्या. १५ सप्टेंबरपर्यंत उत्तर आले नाही तर परवानगी मिळाली असे समजून दुसऱ्या दिवसापासून लागवड करीन, असेही अर्जात होते. प्रशासनाने अर्ज पोलिसांकडे पाठवला. पोलिसांनी त्याला प्रसिद्धीचा स्टंट म्हटले.

स्टंट असेलही. पण त्या अर्जातला भावाचा मुद्दा कोणी खोडला नाही. अर्ज गांजाचा होता अन् तक्रार कांदा, ऊस, टोमॅटोची.

याच्याशी जुळणारी दुसरी गोष्ट आपल्या विदर्भातली. १० जून २०१९ ला अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर इथे शेतकरी संघटनेने मंजुरी नसलेले एचटीबीटी कपाशीचे बियाणे जाहीरपणे लावून सविनय कायदेभंग केला. कोणते पीक लावायचे हे शेतकऱ्याने ठरवावे, हा त्यांचा मुद्दा. काही लोक तोच न्याय गांजाला लावू पाहतात. माझ्या मते तो तसाच्या तसा लागत नाही. कपाशी ओढून कोणाच्या पोराचे डोके फिरत नाही. पण कोणते झाड गुन्हा अन् कोणते पीक, हे दिल्लीत ठरते अन् त्याची किंमत वावरात मोजावी लागते, एवढे साम्य आहे.

हिमाचल-उत्तराखंडात नेमके काय लावतात

तिथली परवानगी औद्योगिक भांगेची आहे, ज्याला हेम्प म्हणतात. उत्तराखंडच्या नियमात टीएचसी ०.३ टक्क्याच्या आत हवे. म्हणजे ओढून नशा येणार नाही असे झाड. त्यापासून वाख, कापड, कागद, बियांचे तेल. भांगेच्या बियांची चटणी कुमाऊं-गढवालच्या घराघरात पिढ्यान्‌पिढ्या खातात. नोव्हेंबर २०२१ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने हेम्पचे बी अन् त्याचे तेल खाद्यपदार्थ म्हणून मान्य केले.

हे सगळे राज्यांना करता येते ते कलम १० अन् १४ मुळे. कलम १४ वाख, बी किंवा बागायतीच्या कामासाठी सरकारला आदेशाने लागवडीची मुभा देऊ देते. नशेसाठीच्या गांजाला परवानगी द्यायची तर संसदेनेच कायदा बदलावा लागेल, मुंबईत बसून ते होत नाही. महाराष्ट्रात शेतकऱ्याला हेम्प लावण्याचा परवाना देणारे धोरण आजघडीला नाही. मुंबईतल्या तरुणांनी २०१३ मध्ये बॉम्बे हेम्प कंपनी काढली, पण तिलाही कच्च्या मालासाठी अन् संशोधनासाठी उत्तराखंड-जम्मूकडे पाहावे लागले.

शेतकरी म्हणून याच्या अडचणी मला सरळ दिसतात. कमी टीएचसीचे खात्रीचे बियाणे सहज मिळत नाही. हे झाड वाऱ्यावर परागीकरण करते, आजूबाजूला जंगली झाडे असली तर पुढच्या पिढीत टीएचसी वाढू शकते. तपासणीत ०.३ च्या वर निघाले तर उभे पीक नष्ट करावे लागते. अन् विकायचे कुठे? कळमना मार्केटला याचा ठोक भाव निघत नाही, हमीभाव नाही, पीकविमा नाही. सफेद मुसळी, कोरफड, रतनज्योत, एमू या सगळ्यांत "माल आम्हीच घेऊ" म्हणणारे गाडीतून आले होते, ते विदर्भ विसरलेला नाही. तेव्हा कोणी "हेम्पचे लायसन्स काढून देतो, इतके पैसे भरा" म्हणत आला तर आधी त्याला कृषी विभागाचा किंवा राज्य सरकारचा आदेश दाखवायला सांगा. तो दाखवू शकणार नाही.

घरच्या झाडाचे भांडण, देशोदेशी

जिथे नशेचा गांजा कायदेशीर झाला तिथेही घरी लावू द्यायचे की नाही यावर वेगळेच राजकारण आहे. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ पासून देशभर विक्री खुली केली अन् घरटी ४ झाडांची मुभा दिली. पण क्युबेक प्रांताने घरच्या झाडाला बंदी ठेवली. तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला अन् २०२३ मध्ये न्यायालयाने प्रांताची बंदी कायम ठेवली. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने २०१२ मध्ये जनमताने गांजा खुला केला, तरी शौकासाठी घरी झाड लावणे तिथे अजूनही गुन्हा आहे. दुकानातून घ्या, कर भरा, पण कुंडीत लावू नका.

जर्मनीने उलटे केले. १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणसाला घरी ३ झाडे अन् ५० ग्रॅमपर्यंत साठा, पण दुकाने नाहीत. विकणाऱ्या कंपन्यांचा बाजार उभा राहू नये हा त्यामागचा विचार. थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला, सरकारने १० लाख रोपे वाटण्याची घोषणा केली, गल्लोगल्ली दुकाने झाली. मग सरकार बदलले, ओरड झाली अन् जून २०२५ मध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीची अट आली. ज्यांनी कर्ज काढून लागवड केली त्यांचे हाल काय झाले असतील ते आपल्याला वेगळे सांगायला नको.

आपल्याकडच्या माणसाला हे समजायला मोहफुलाचे उदाहरण पुरे. परवान्याच्या दुकानातली बाटली कायदेशीर अन् घरच्या चुलीवरची मोहाची गुन्हा. नशा तीच, फरक कराचा अन् ताब्याचा. गांजा कधी काळी खुला झालाच तर पहिला परवाना मोठ्या कंपनीला मिळेल अन् वावरातल्या दोन झाडांवर धाड पडतच राहील, असे मला वाटते. अमेरिकेत कॅलिफोर्निया, ओरेगॉनकडे विक्री खुली झाल्यावर माल इतका झाला की भाव कोसळले अन् छोटे उत्पादक बाहेर फेकले गेले. बेकायदा आहे म्हणून जो भाव दिसतो तो जोखमीचा भाव आहे, जोखीम गेली की भावही जातो. मेसेजमधल्या एकरी लाखांच्या हिशोबात ही ओळ कधी नसते.

किती लोक घेतात

एम्सने केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेले सर्वेक्षण २०१९ मध्ये आले. त्यानुसार देशात वर्षभरात सुमारे ३.१ कोटी लोकांनी भांग, गांजा किंवा चरस घेतला. त्यातले २.२ कोटी भांगवाले अन् १.३ कोटी गांजा-चरसवाले, काही दोन्हीतले. सुमारे ७२ लाखांना त्या व्यसनासाठी मदतीची गरज होती. दारू पिणारे त्याच सर्वेक्षणात सुमारे १६ कोटी होते. म्हणून बंदीविरोधक म्हणतात दारू चालते तर हे काहून नाही. बंदीवाले म्हणतात एक आग लागलीच आहे म्हणून दुसरी लावायची काय. दोघांचेही आकडे खरे आहेत.

डॉक्टरांचे एक म्हणणे मात्र वादाच्या पलीकडचे आहे. वाढत्या वयात, म्हणजे शाळा-कॉलेजच्या पोरांनी नेमाने गांजा ओढला तर भास होणे, संशय येणे अशा मानसिक आजाराचा धोका वाढतो. घरात आधी कोणाला असा आजार असेल तर आणखी जास्त. बेसा रोडवर आता वसतिगृहे अन् भाड्याच्या खोल्या दाटल्या आहेत. शहरांमध्ये बंद खोलीत एलईडी दिवे लावून कुंड्यांत झाडे वाढवल्याच्या कारवाया झालेल्या आहेत. खोली भाड्याने देणाऱ्यांनी भाडेकराराची माहिती पोलिसांत द्यावी अन् वीजबिल अचानक काहून वाढले हे विचारावे.

सापडले तर काय करायचे

स्वतःच्या जमिनीत किंवा प्लॉटवर असे झाड दिसले तर गुपचूप उपटून जाळण्याच्या भानगडीत पडू नका. पोलीस स्टेशनला किंवा ११२ वर कळवा, पोलीस पाटलांना सांगा, लेखी अर्ज द्या अन् त्याची पोच घ्या. पोच हाच तुमचा कलम ४६ मधला बचाव. गट क्रमांक, दिशा अन् वावर कोण कसतो हे अर्जात लिहा. अमली पदार्थ नियंत्रण विभागाची 'मानस' हेल्पलाईन १९३३ आहे, तिथे नाव न सांगताही माहिती देता येते. व्यसन सोडवण्यासाठीची हेल्पलाईन १४४४६, दोन्ही क्रमांक मोफत आहेत.

तुमची झडती घेतली जात असेल तर कलम ५० प्रमाणे अंगझडती राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर व्हावी असे मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. पंचनाम्यावर सही करण्याआधी तो वाचा. वजन कसे केले, ओले की सुके, मुळासकट की शेंडे वेगळे, हे त्यात लिहिले आहे की नाही ते पाहा.

अन् धुऱ्याच्या भांडणात शेजाऱ्याला अडकवायला कोणी त्याच्या वावरात दोन रोपे खोचून फोन करायचा विचार करत असेल, तर कलम ५८ त्याच्यासाठी आहे. द्वेषाने खोटी माहिती देऊन अटक किंवा झडती घडवून आणणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकते.